आधी पाणी बघा, मग होडी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शिडाची होडी विकत घेण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रं थोडक्यात देऊन या वेळी त्यांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि ९ व १२ वर्षांची दोन मुलं. आम्ही दोघांनी शीड चालवण्याचं प्राथमिक शिक्षण घेतलं आहे. साडेदहा मीटरची एक जुनी पण देखणी होडी आवाक्यातल्या किमतीत मिळते आहे. मित्र म्हणतात, आधी सात-आठ मीटरची घ्या. पण दोन वर्षांनी मोठी घ्यायचीच असेल तर दोनदा खर्च कशाला? — सु. द.

उत्तर : मित्रांचं ऐका. लांबीच्या तुलनेत वजन घनाने वाढतं, सगळी मेख तिथे आहे. आठ मीटरची होडी त्याच प्रमाणात दहा मीटरची केली तर लांबी सव्वापट होते, वजन मात्र जवळजवळ दुप्पट (१.२५ चा घन १.९५). वजनामागोमाग बाकीचा संसारही वाढतो. शीड मोठं म्हणून दोर जाड, दोर जाड म्हणून दोर ओढायचा विंच मोठा, नांगर आणि साखळी जड, तळाला रंगाचे डबे जास्त. अडीच-तीन टनांची होडी आडव्या वाऱ्याने धक्क्यावर ढकलली गेली तर मध्ये फेंडर, म्हणजे धक्का सोसणारी उशी, घालून एक माणूस तिला सावरू शकतो. पाच-सहा टनांची होडी हातापायाने थोपवायला गेलात तर हाड मोडेल. नवशिक्यांची त्रेधा भर पाण्यात कमी आणि धक्क्याला लागताना जास्त उडते.

पण लांबी हा मुळात दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न पाण्याचा. तुम्ही जिथे खरोखर जाणार आहात तिथे उधाणाच्या ओहोटीला खोली किती उरते? वाटेत पूल असेल तर त्याखाली उंची किती मिळते? लाट बंदिस्त खाडीतली की उघड्या समुद्रातली? मग दिवसांचा हिशेब करा. वर्षातले किती दिवस सकाळी निघून संध्याकाळी परतणार आणि किती रात्री होडीवर काढणार, हे कागदावर लिहा. बहुतेकांच्या कागदावर ‘रात्री’च्या रकान्यात फारच छोटा आकडा येतो, आणि होडी मात्र त्याच रकान्यासाठी घेतलेली असते.

झोपायच्या जागांच्या आकड्यावर विसंबू नका. ‘सहा जणांची सोय’ याचा अर्थ बहुधा असा, की दोघं नाळेकडच्या त्रिकोणी बिछान्यावर, दोघं जेवणाचं टेबल खाली उतरवून त्यावर आणि दोघं कॉकपिटखालच्या, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेखालच्या, बोगद्यात. दोन मुलांसह चौघांना आठवड्याच्या शेवटच्या दोन रात्रींसाठी सात-आठ मीटर पुरतं. आत ताठ उभं राहता येणार नाही, हे आधीच मान्य करा.

युरोपीय संघात १९९८ पासून विक्रीला येणाऱ्या होड्यांवर त्यांच्या रचनेची श्रेणी लिहिणं बंधनकारक आहे. ‘डी’ म्हणजे बंदिस्त पाणी, ब्युफोर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) ४ पर्यंतचा वारा. ‘सी’ म्हणजे किनाऱ्याजवळ, ब्युफोर्ट ६ आणि २ मीटरपर्यंत लाट. ‘बी’ला ब्युफोर्ट ८ आणि ४ मीटर, ‘ए’ त्याच्याही वर. कॉकपिटजवळच्या पट्टीवर श्रेणीबरोबर जास्तीत जास्त माणसं आणि वजनही लिहिलेलं असतं. तुमच्या कामाला ‘सी’ भरपूर आहे. मात्र ही श्रेणी नव्या होडीच्या रचनेची असते. पंचवीस वर्षांनी त्या होडीच्या तारा आणि बोल्ट कसे आहेत, याच्याशी तिचा संबंध नाही.

राहिला दोनदा खर्चाचा मुद्दा. चालतीबोलती, नेहमीच्या बनावटीची छोटी होडी नीट राखली तर दोन हंगामांनी विकताना तिची किंमत फारशी पडलेली नसते. उलट दोन हंगामांत तुम्हाला काय नको आहे ते पक्कं कळतं. तरीही साडेदहा मीटरचा मोह सुटत नसेल तर तेवढी होडी आठवडाभर भाड्याने घ्या आणि तीन वेगवेगळ्या धक्क्यांना स्वतः लावून बघा.

प्रश्न : मला तळ्यात एकटीने चालवायची आहे. वजन ६० किलो. जुनी लेझर डिंगी बघितली आहे. माझ्यासाठी ठीक आहे का? बघताना काय बघू? — अ. प.

उत्तर : उत्तम निवड, फक्त शीड कोणतं आहे ते विचारा. या डिंगीचा, म्हणजे छोट्या उघड्या होडीचा, हल (होडीचं मूळ धड) एकच असतो, लांबी ४.२३ मीटर आणि वजन ५९ किलो. त्यावर ७.०६, ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरचं शीड बसतं. आता या वर्गाला इल्का म्हणतात आणि तीन आकार अनुक्रमे इल्का ७, ६ आणि ४. साठ किलोला मधलं, ५.७६ चं शीड योग्य. सात चौरस मीटरचं शीड घेतलंत तर मध्यम वाऱ्यातही होडी सपाट ठेवायला तुमचं वजन कमी पडेल. शीड बदललं की डोलकाठीचा खालचा तुकडाही बदलावा लागतो, तो किमतीत धरा.

तपासायची जागा म्हणजे डोलकाठी जिथे उभी राहते ते भोक. त्यात काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर तळाचा जोड फुटलेला आहे आणि पाणी हलच्या पोटात जातं आहे. मग भोकाभोवतीचा डेक (होडीचा वरचा पृष्ठभाग) अंगठ्याने जोरात दाबा. तो दबायला नको. शेवटी रिकामा हल वजन करून बघा. ५९ च्या ऐवजी ६७-६८ किलो भरला तर आतल्या फोमने पाणी प्यायलं आहे. असा हल सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

प्रश्न : आमची होडी ठेवायची जागा ओहोटीला कोरडी पडते. विक्रेता म्हणतो फिन कीलच घ्या, बाकी सगळ्या होड्या संथ असतात. खरं काय? — म. रा.

उत्तर : तुमच्या जागी फिन कीलची होडी दिवसातून दोनदा कुशीवर पडेल. विक्रेत्याचं निम्मं बरोबर आहे. फिन कील, म्हणजे तळाखालचं एकच खोल पातं, वाऱ्याच्या तोंडावर सगळ्यात चांगलं चढतं आणि होडी पटकन वळते. पण कोरड्या जागेसाठी दोन पर्याय त्याहून शहाणपणाचे.

पहिला जोड-कील, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड पातं. ओहोटीला होडी या पात्यांवर सरळ उभी राहते. वाऱ्यावर चढताना काही अंश गमवावे लागतात. घट्ट चिखल किंवा वाळूवर ती बिनघोर राहते, पण दगडगोट्यांची किंवा उतरती जागा असेल तर प्रत्येक भरती-ओहोटीला पात्यांच्या मुळाशी पिरगळ बसतो. म्हणून अशी जुनी होडी घेताना पातं हलला मिळतं त्या कोपऱ्यात चिरा शोधा, आतूनही आणि बाहेरूनही.

दुसरा पर्याय वर उचलता येणारी कील. ओहोटीला वर, खोल पाण्यात खाली, दोन्हीकडचा फायदा. किंमत एवढीच की तिथे हलते भाग आहेत. पात्याची खीळ झिजते, उचलायची तार गंजते, आणि तळ लागला की खाचेत बारीक खडे अडकून पातं अडतं. तार दर वर्षी तपासा. घेताना कील पूर्ण खाली-वर करून दाखवायला सांगा. ‘आत्ता जरा अडकली आहे’ हे ऐकलंत तर घाई करू नका.

लांब कील, म्हणजे नाळेपासून सुकाणूपर्यंत जाणारी, धक्क्याच्या भिंतीला टेकून उभी राहते आणि समुद्रात सरळ चालते. इंजिनवर मागे घेताना मात्र ती स्वतःच्या मर्जीने जाते.

खोली मोजताना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी धरा, भांगाची (सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची, कमी उतरणारी) नाही. भांगाला मोजलेली खोली फसवी असते. लाटेसाठी वर अर्धा मीटर राखून ठेवा.

प्रश्न : जाहिरातींत आकड्यांचा भडिमार असतो. त्यातले कोणते कामाचे? — नि. शा.

उत्तर : चार पुरेत, आणि ते तुम्ही स्वतः काढू शकता. उदाहरणाला एक होडी घेऊ. पाण्याच्या रेषेवरची लांबी ७ मीटर, रुंदी २.७५ मीटर, वजन २.७ टन, त्यातला होडी ताठ ठेवणारा कीलमधला भार १.०५ टन, शिडं ३० चौरस मीटर.

वेग : पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं वर्गमूळ काढून २.४३ ने गुणा. इथे ६.४ नॉट (तासाला सागरी मैल) येतात. पाणी बाजूला सारत जाणारी साधी होडी यापुढे फारशी जात नाही, कारण तिने उठवलेल्या लाटेची लांबी तिच्याएवढी होते आणि ती स्वतःच्याच लाटेच्या उतारात बसते. जास्त शीड लावून हा आकडा वाढत नाही, फक्त होडी जास्त कलते. जाहिरातीत एकूण लांबी ठळक असते. वेग ठरवते ती पाण्याच्या रेषेवरची.

शिडाची ताकद : आधी होडीने बाजूला सारलेलं पाणी घनमीटरमध्ये काढा. २.७ टनांना समुद्राच्या पाण्याच्या घनतेने, म्हणजे १.०२५ ने भागलं की २.६३. त्याचं घनमूळ १.३८, त्याचा वर्ग १.९१. शिडाच्या ३० ला त्याने भागा, १५.७ येतात. १४ च्या आसपासची होडी हलक्या वाऱ्यात इंजिन मागते. १६ ते १८ ही सहलीच्या होडीची चांगली जागा. २० च्या वर शर्यतीचा मामला, तिथे शीड वेळेवर लहान करणारे हात लागतात. तुमच्या पाण्यावर वारा बहुतांश मंद असेल तर वरच्या बाजूला झुका.

भाराचं प्रमाण : १.०५ भागिले २.७, म्हणजे ३९ टक्के. ऐकायला बरं. पण हा भार किती खोल आहे हे त्यात कळत नाही. दोन मीटर खोल, तळाशी शिशाचा गोळा असलेली ३० टक्क्यांची होडी एक मीटर खोल ४० टक्क्यांच्या होडीपेक्षा ताठ उभी राहू शकते.

उलटण्याचा निर्देशांक : रुंदीला त्याच घनमुळाने भागा. २.७५ भागिले १.३८, म्हणजे १.९९. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळात होड्या उलटल्या, १५ खलाशी गेले. त्यानंतर हा निकष पुढे आला. भर समुद्रासाठी २ च्या खालीच हवा. आमच्या उदाहरणातली होडी केसभर आत आहे. पण या सूत्रालाही आंधळी बाजू आहे: अख्खा भार डोलकाठीच्या शेंड्याला टांगला तरी उत्तर तेच येईल. म्हणून याचा उपयोग नापास करायला करा, पास करायला नको.

प्रश्न : सर्व्हेअरला पैसे देण्याआधी जुनी होडी स्वतः कशी तपासायची? सात-आठ होड्या बघायच्या आहेत, सगळ्यांना सर्व्हेअर परवडणार नाही. — के. भो., आणि इतर काही वाचक

उत्तर : अगदी बरोबर. सर्व्हेअर शेवटच्या एका होडीसाठी असतो. आधीच्या सहा तुम्ही स्वतः बाद करायच्या. बरोबर विजेरी, छोटा आरसा, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, टिश्यू पेपर आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्या. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. केबिन उघडल्या उघडल्या पहिला श्वास महत्त्वाचा. कुबट वास म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. सुगंधी फवाऱ्याचा वास त्याहून वाईट.

डेकपासून सुरुवात करा. बहुतेक डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचं लाकूड, प्लायवुड किंवा फोम. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून मुठीने दर हातभर ठोकत जा. कोरडा डेक खणखणीत वाजतो. आवाज बद्द झाला की आतलं लाकूड भिजलंय किंवा थर सुटलेत. कठड्याच्या खांबांभोवती, डोलकाठीच्या बुडाशी आणि साखळी जिथून आत जाते तिथे हमखास सापडतं. कारण सोपं आहे. कठड्याला धरून माणसं चढतात, खांब तरफेसारखा हलतो, स्क्रूभोवतीचा लांबी-लेप तुटतो आणि त्या भोकातून पाणी वर्षानुवर्षं झिरपतं. दुरुस्ती म्हणजे वरचा थर कापून काढणं, कुजलेलं लाकूड खरवडणं, नवं बसवून पुन्हा फायबरग्लास चढवणं. तळहाताएवढा भाग असेल तर किमतीत घासाघीस करा. चालताना पायाखाली डेक लवत असेल तर नमस्कार करून उतरा.

मग कील. होडी पाण्याबाहेर असेल तेव्हाच हे कळतं. कील आणि हल यांच्या जोडावर पुढच्या टोकाला हसल्यासारखी फट दिसते का बघा. गंजाचे ओघळ दिसले तर बोल्टांपर्यंत पाणी पोचलंय. तळ खडकाला लागतो तेव्हा कीलचं पुढचं टोक खाली ओढलं जातं आणि मागचं टोक हलमध्ये वर घुसतं. म्हणून बाहेरून फट पुढे शोधायची, आणि आतून चिरा मागे शोधायच्या, फळ्या उचलून, आडव्या फासळ्या तळाला जिथे चिकटवल्या आहेत तिथे. हे किरकोळ समजू नका. २०१४ साली अटलांटिकमध्ये ‘चीकी रफिकी’ या होडीची कील सुटून पडली आणि चारही खलाशी गेले. आधी अनेकदा तळ लागणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी तो भाग कमकुवत झाला असण्याची शक्यता तपासात नोंदवली गेली. होडीचा तळ कधी लागला होता का, हा प्रश्न मालकाला सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा स्टेनलेस स्टीलच्या एकोणीस पदरांच्या असतात. टिश्यू पेपर हातात धरून तारेवरून फिरवा. एखादा पदर तुटला असेल तर कागद अडकेल, तुमचं बोट नाही. तारेचं खालचं टोक जिथे नळीत दाबून बसवलंय ती जागा विजेरीने बघा. पाणी तिथे साचतं आणि बारीक चीर तिथेच सुरू होते. तारांचं वय विचारा. दहा वर्षांवर गेल्या असतील तर बऱ्याच विमा कंपन्या बदलायला सांगतात, तेव्हा तो खर्च किमतीतून वजा करा. तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या डेकमधून आत जातात. दिसणारा भाग लखलखीत असतो, धोका न दिसणाऱ्या भागात. स्टेनलेस स्टील हवेतल्या ऑक्सिजनमुळे स्वतःवर संरक्षक पापुद्रा धरून ठेवतं. ओलं आणि हवेविना राहिलं की तो पापुद्रा टिकत नाही आणि आतून गंज पोखरतो. म्हणून आत जाऊन या पट्ट्यांच्या आसपासच्या लाकडावर तपकिरी डाग शोधा.

डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्या बरोबर खालचं दार उघडून-मिटून बघा. शौचालयाचं दार घासत असेल तर तो बिजागरीचा दोष नसू शकतो; डोलकाठीला खालून पेलणारा खांब बसत चालला असू शकतो.

सुकाणूचं पातं दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. थोडी फट चालते, खडखड नको. होडी बाहेर काढून दोन दिवस झाले तरी पात्याच्या खालच्या कडेतून तपकिरी पाणी गळत असेल तर आत पाणी भरलंय आणि आतला धातूचा सांगाडा गंजतोय.

तळाला जेवढी भोकं, तेवढे सी-कॉक, म्हणजे ती बंद करायच्या तोट्या. प्रत्येक उघडून बंद करा. जो फिरत नाही तो आणीबाणीतही फिरणार नाही. पितळी कॉक खरवडल्यावर गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तो हातात तुटून येऊ शकतो. पाण्याखालच्या प्रत्येक नळीला दोन-दोन क्लिप हव्यात.

इंजिनला आधी हात लावा. ते गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आत चालू करून ठेवलंय, कारण विचारा. थंड डिझेल इंजिनाने पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पकडलं पाहिजे. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, तो थांबलाच नाही तर जळण नीट होत नाही किंवा पाणी आत जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंजिनावर ताण. कधी कधी दोष इंजिनाचा नसून होडीला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावर साचलेल्या शिंपल्यांचा असतो. ऑइलची काडी काढा. दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी आहे. मग होडी धक्क्याला चांगली बांधून गिअर टाका आणि पंधरा मिनिटं चालवा. रिकामं चालणारं इंजिन खूप दोष लपवतं.

शिडं शेवटी. नवं डेक्रॉन (शिडाचं पॉलिएस्टर कापड) करकरीत वाजतं, म्हातारं शीड जुन्या चादरीसारखं मऊ पडतं. मागच्या कडेची शिलाई नखाने खरवडा. धागा तुटला तर उन्हाने शिलाई खाल्ली आहे. कापड बरं असेल तर शिवून घेता येतं.

प्रश्न : मालक म्हणतो, तळाला ‘थोडे फोड’ आहेत, सगळ्याच जुन्या होड्यांना असतात. खरं आहे का? — प्र. ग.

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे. फायबरग्लासच्या बाहेरच्या जेलकोटमधून पाणी अगदी सावकाश झिरपतं, आत न जुळलेल्या रसायनांशी संयोग होऊन आम्लयुक्त द्रव होतो आणि तो बाहेर ढकलायला लागतो. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर हाच प्रकार, ऑस्मॉसिस. वाटाण्याएवढे विखुरलेले फोड घेऊन होडी वर्षानुवर्षं चालते. सगळा तळ भरला असेल तर जेलकोट सोलणं, महिनोन्‌महिने सुकवणं आणि इपॉक्सीचे थर चढवणं असा मोठा खर्च येतो. घासाघिशीला चांगलं कारण, पळून जायला नाही. भिजलेला डेक यापेक्षा कितीतरी गंभीर; पण लोकांना फोड दिसतात आणि डेक दिसत नाही.

प्रश्न : ओळखीतले एक गृहस्थ नऊ मीटरची होडी फुकट द्यायला तयार आहेत. फक्त ‘थोडं काम’ आहे. — वि. जो.

उत्तर : इंजिन, तारा आणि शिडं, या तीनपैकी दोन बदलायची असतील तर घेऊ नका. तिन्ही नवी घातल्यावर झालेला खर्च त्याच बनावटीच्या चालू होडीच्या किमतीला मागे टाकतो, आणि विकताना तो परत मिळत नाही. लाकूडकाम, रंग, गाद्या, वीजजोडणी ही कामं हौसेने करता येतात.

देखभालीला वर्षाला किमतीच्या दहा टक्के धरा, असा ठोकताळा आहे. फुकटच्या होडीवर तो लावून बघा म्हणजे त्यातली गंमत कळेल. देखभालीचा खर्च होडीच्या आकारावर ठरतो, तुम्ही मोजलेल्या किमतीवर नाही. जुनी होडी जितकी स्वस्त, तितका हा टक्का मोठा. पहिल्या वर्षासाठी किमतीच्या निदान पाव हिश्शाएवढी रक्कम हातात ठेवूनच व्यवहाराला बसा.

प्रश्न : बायकोला होडी कलली की भीती वाटते. कॅटमरान घ्यावी का? — एक वाचक

उत्तर : कॅटमरान, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हल जोडलेली होडी, जवळजवळ कलत नाही, थोड्या पाण्यात जाते आणि आत जागा भरपूर देते. मात्र ती वजन सोसत नाही. सामान भरत गेलात की वेग पडतो आणि लाटा दोन हलमधल्या डेकवर खालून आदळू लागतात. तिला धक्क्यावर दुप्पट जागा लागते. कलत नसल्यामुळे वारा वाढल्याची सूचनाही देत नाही, म्हणून वाऱ्याच्या आकड्याकडे बघून शीड लहान करायची शिस्त लागते. उलटलीच तर ती स्वतःहून सरळ होत नाही.

त्याआधी एक करून बघा. शीड एका टप्प्याने लहान करून त्यांच्या हातात सुकाणू द्या. १५ अंश कलणारी होडी स्वतः चालवताना तितकी घाबरवत नाही, आणि बऱ्याच होड्या त्यापुढे नेल्याने वेगवानही होत नाहीत.

प्रश्न : होडी पसंत पडली. आता पैसे, कागद, सर्व्हे यांचा क्रम कसा ठेवायचा? — र. ना.

उत्तर : आधी लेखी प्रस्ताव द्या. त्यात दोन अटी स्पष्ट हव्यात: सर्व्हे समाधानकारक निघाला तर, आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली तर. विसाराची रक्कम या अटी पुऱ्या न झाल्यास परत, हे त्याच कागदावर. विसार शक्यतो मध्यस्थाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा, मालकाच्या हातात नको.

सर्व्हेअर तुम्ही नेमायचा. मालकाने सुचवलेला किंवा त्यानेच गेल्या वर्षी करून घेतलेला अहवाल वाचायला घ्या, पण त्यावर विसंबून राहू नका. होडी पाण्याबाहेर काढायचा खर्च बहुधा घेणाऱ्याचा असतो. सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहा. अहवालात एका ओळीत येणारी गोष्ट तिथे बोट ठेवून समजते. हल तपासणारा माणूस इंजिनाचा जाणकार असेलच असं नाही, आणि तारा डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत चढून बघणारा तिसराच असू शकतो. इंजिनाचं ऑइल प्रयोगशाळेत तपासून घेता येतं, आणि नव्या इंजिनाच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

पाण्यातल्या चाचणीत सगळी शिडं उघडून बघा, अगदी पिशवीत घडी करून ठेवलेलं शीडसुद्धा. इंजिन पूर्ण वेगाने दहा मिनिटं चालवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नांगर टाकून वर घ्या. सेलड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिनाचा पाय सरळ तळातून खाली जात असेल, तर त्या भोकातला रबरी पडदा कधी बदलला याची पावती मागा. अनेक बनावटींत तो साधारण ७ वर्षांनी बदलायचा असतो. तो फाटला तर होडीला थेट मोठं भोक पडतं.

सर्व्हेत दोष निघाले की तीन वाटा असतात: मालकाने दुरुस्त करून द्यायचं, किंमत कमी करायची, किंवा व्यवहार सोडायचा. किंमत कमी करून घ्या. विकणारा माणूस दुरुस्ती करतो तेव्हा ती सर्व्हेअर पुन्हा येऊन बघेपर्यंत टिकेल इतकीच होते. विमा कंपनीला सर्व्हेचा अहवाल आधी दाखवा. काही जुन्या होड्यांना दुरुस्त्यांची अट घालूनच विमा मिळतो, आणि विम्याशिवाय बऱ्याच मरीना (होड्या ठेवायची बंदरं) जागा देत नाहीत.

कागदांत मालकी साखळीने बघा: होडी आजच्या मालकाकडे कोणाकडून आली, त्याच्याकडे कोणाकडून. होडीवर कर्ज बाकी नाही याचा दाखला घ्या, कारण अनेक देशांत हे कर्ज माणसाच्या नव्हे तर होडीच्या अंगावर राहतं. कर भरल्याची मूळ पावती, इंजिनाचा क्रमांक आणि सामानाची यादी खरेदीखतात नोंदवा. डिंगी, तिचं छोटं इंजिन, जादा नांगर आणि शिडं यादीत नसतील तर होडी ताब्यात घेताना ती जागेवर नसतात. हलचा ओळख क्रमांक पिछाडीच्या उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ कोरलेला असतो. अमेरिकेत १९७२ च्या अखेरीपासून तो १२ अक्षरांचा आहे; युरोपात क्रमांकाच्या सुरुवातीला देशाची दोन अक्षरं जोडलेली असतात. तो क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर लावून बघा, आणि तो खरवडून पुन्हा भरल्यासारखा वाटला तर उरलेली रक्कम देऊ नका.